कमानीचा हिशेब

जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांच्या कडेने गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ज्या वसाहती वाढल्या, त्यांच्या तोंडाशी कमान असणे आता जणू गृहीतच धरले जाते. दोन खांब, त्यांवर आडवी तुळई, तुळईवर वसाहतीचे नाव आणि एका खांबावर संगमरवरी पाटी. पाटीवर देणगीदारांची नावे देणगीच्या उतरत्या क्रमाने. आपल्या समाजाच्या दृष्टीने अशा बांधकामांचे दोन हंगाम विशेष म्हणावे लागतील. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या निमित्ताने १९७४-७५ मध्ये गावोगावी कीर्तिस्तंभ उभे राहिले. आणि २६०० व्या जन्मकल्याणक महोत्सवाच्या निमित्ताने २००१-०२ मध्ये आणखी एक लाट आली.

येथे ज्या वसाहतीची हकिकत सांगावयाची आहे, तिची कमान या दुसऱ्या हंगामातली. वसाहत जळगावची, साठ घरांची, बहुतेक कुटुंबे दाणा बाजार, कापड आणि सराफीतली. वसाहतीचे नाव सांगण्याचे कारण नाही. अशा दहा वसाहती कोणीही दाखवील. कमानीवर सिमेंटची अक्षरे असावीत असे प्रथम ठरले होते. परंतु एका दात्याने पितळी अक्षरे देऊ केली आणि ती बसविली गेली. उद्घाटनाच्या दिवशी लाडू वाटले. त्या दिवशीच्या इतिवृत्तात बांधकामाचा खर्च पैशापर्यंत लिहिलेला आहे. पुढे या कमानीची निगा कोण राखणार आणि कोणत्या पैशातून, याविषयी एक ओळही नाही.

कमानीला शत्रू फार असतात, आणि त्यांतला एकही मोठा नसतो. पहिला शत्रू मालवाहू गाडी. नागरी रस्त्यावरील बांधकामाखाली साडेपाच मीटर मोकळी उंची असावी असा रस्ते बांधणीचा दंडक आहे. या कमानीची उंची मात्र वास्तूची शोभा पाहून ठरविली गेली होती. त्यामुळे कोणाच्या घरी फरशी उतरवायला, कोणाचे सामान हलवायला ट्रक आला, की ताडपत्रीचा बांबू तुळईला घासलाच. दुसरा शत्रू पानाची पिचकारी. तिसरा, रात्री खांबावरचे दिवे नेम धरून फोडणारी मुले. चौथा भंगाराचा लोभ : लोखंडी फाटकाची कडी गेली, मग बिजागरी गेली, शेवटी एक झडप कलली ती कललीच. यांपैकी एकही नुकसान पोलिसांत तक्रार करावी इतके मोठे नसते, आणि डोळ्यांआड करावे इतके लहानही नसते. तक्रार तरी कोणी करावी? रस्ता महापालिकेचा, कमान वसाहतीची, दिव्याची वीज कोणा एकाच्या मीटरवरून घेतलेली.

आणि पाचवा शत्रू फलक. वाढदिवसाच्या शुभेच्छा, निवडीबद्दल अभिनंदन, भावी नगरसेवकांचे हात जोडलेले छायाचित्र. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपणाला आळा घालणारा कायदा १९९५ पासून आहे. त्यात तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. बेकायदा फलकांविषयी मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये सविस्तर निर्णय देऊन सर्व महापालिकांना कारवाईचे निर्देश दिले. तथापि वसाहतीतील लोक ज्या तावातावाने या फलकांवर बोलत, त्यात एक अडचण होती. चातुर्मासात मासखमणाच्या तपस्व्यांच्या अनुमोदनेचे फलक त्याच कमानीवर, त्याच खिळ्यांनी, तेच लोक ठोकत होते. तुळईच्या गिलाव्याला पडलेल्या भोकांपैकी कोणती भोके राजकारणाची आणि कोणती धर्माची, हे ओळखणे कोणत्याही अभियंत्याला शक्य झाले नसते.

निगेचा खर्च परवडण्यासारखा नव्हता असे म्हणावे, तर तेही खरे नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का रक्कम दरवर्षी दुरुस्ती-देखभालीसाठी आणि किमान पाव टक्का रक्कम निक्षेप निधीसाठी बाजूला काढावी, असे सांगितले आहे. प्लॉटच्या वसाहतींना हे उपविधी लागू होत नाहीत. पण हिशेबाचे तत्त्व उधार घ्यायला कोणाची हरकत आहे? समजा, कमानीला पाच लाख रुपये लागले. दोन्ही मिळून एक टक्का म्हणजे वर्षाला पाच हजार रुपये. साठ घरांत वाटले तर घरटी वर्षाला चौऱ्यांशी रुपये, महिन्याला सात. महागाईमुळे ही रक्कम दुप्पट-तिप्पट धरली, तरी एका कुटुंबाच्या एका वेळच्या नाश्त्याहून ती अधिक होत नाही.

मग पैसा का जमत नाही? श्रीसंघाच्या हिशेबाशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना हे कोडे नवीन वाटणार नाही. बोली लागते तेव्हा हात भराभर वर होतात. देवद्रव्य वाढते, जीवदयेचे खातेही वाहते राहते. पण साधारण खाते, ज्यातून मुनीमाचा पगार, विजेचे बिल, चुना-रंग, झाडलोट चालते, ते बहुतेक ठिकाणी तोट्यात असते आणि पर्युषणात त्यासाठी वेगळी विनंती करावी लागते. साधारण खात्याला पाटी नसते. ज्या गोष्टीवर नाव कोरता येते तिला देणारे मिळतात. ती गोष्ट दरवर्षी पुसून स्वच्छ ठेवण्याला नाव कोठे कोरावयाचे?

आपल्याकडची अनेक कुटुंबे गुजरातेतून आली. त्यांच्या पूर्वजांना हा प्रश्न अपरिचित नव्हता. अहमदाबादेतील ‘पोळ’ हा शब्दच मुळी संस्कृत ‘प्रतोली’ म्हणजे प्रवेशद्वार यापासून आलेला आहे. दरवाज्याच्या नावाने आख्खा मोहल्ला ओळखला गेला. प्रत्येक पोळीत पंच असत आणि पंचांकडे एक सामायिक निधी असे. घर विकले गेले, लग्नकार्य झाले, की त्यातून काही रक्कम या निधीत पडे. त्यातून दरवाज्याची डागडुजी आणि रखवालदाराचा खर्च चाले. म्हणजे दरवाजा हा ज्यांच्या सुखदुःखात भागीदार होता, त्यांच्याच सुखदुःखाच्या प्रसंगांतून त्याचे पोट भरत असे. २०१७ मध्ये त्या जुन्या शहराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तेव्हा लाकडी कोरीव कामाचे कौतुक पुष्कळ झाले. पंचांच्या त्या निधीचेही व्हावयास हवे होते.

प्रस्तुत वसाहतीत पंच नव्हते, एक समिती होती. अध्यक्ष सराफ, सचिव निवृत्त शिक्षक, आणि कोषाध्यक्ष दाणा बाजारातील एक वयस्क व्यापारी, ज्यांना सारे काकाजी म्हणत. वर्गणी काकाजी जमा करीत. बाकी सर्व सचिवांच्या डोक्यात असे. कोणत्या दिव्याची हमी कधी संपते, कोणत्या गवंड्याकडे फाटकाची झडप आहे, रखवालदाराने किती उचल घेतली आहे, हे सर्व त्या एका सज्जन माणसाला पाठ होते. लोक त्यांच्या स्मरणशक्तीची प्रशंसा करीत. बँकेच्या शाखेत एखाद्या रोखपालाने असा कारभार केला असता, तर पहिल्याच तपासणीत त्याला समज मिळाली असती. परंतु सार्वजनिक कामात चांगल्या माणसाला नोंदवही मागणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखविणे, असा आपल्याकडे समज आहे.

रखवालदार साक्री तालुक्यातला. वय पन्नाशीपुढे. त्याला मुले ‘नाना’ म्हणत, मोठी माणसे नुसते नावाने हाक मारीत. कमानीच्या आतल्या बाजूला पत्र्याची एक खोली, तीत तो नऊ वर्षे राहिला. शाळेच्या रिक्षातून उतरणाऱ्या मुलांच्या पिशव्या घरोघर पोहोचवणे, साध्वीजींचे आगमन झाले की रस्त्यावरची वाहने बाजूला करवणे, ही कामे त्याच्या नेमणुकीत नव्हती. तो ती करी.

काही वर्षांपूर्वीच्या श्रावणात तो कानबाईच्या सणाला गावी गेला. खान्देशात हा सण किती महत्त्वाचा, हे सांगावयास नको. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईची स्थापना होते, भाऊबंद एकत्र येऊन रोट खातात, आणि त्या दिवशी कुळातला माणूस गावी नसला तर वर्षभर बोल राहतो. रजा त्याने सचिवांना तोंडी सांगितली. त्याच आठवड्यात सचिवांना हृदयविकाराचा झटका आला आणि चार दिवसांत त्यांचे देहावसान झाले. उठावणा, बैठक, सगळे आटोपल्यावर कोणाचे तरी लक्ष कमानीकडे गेले. शेवटची चार पितळी अक्षरे जागेवर नव्हती. नाव अर्ध्यावर तुटले होते.

पितळेचा भाव सर्वांना ठाऊक असलेली ती वसाहत. पहिला प्रश्न भावाचाच निघाला, दुसरा रखवालदाराचा. तो कोठे होता? गावी. कोणाला विचारून? सचिवांना. सचिव तर गेले. लेखी काही? काही नाही. परतताना त्याच्या हातात काय होते, जाताना काय होते, यावर दोन दिवस चर्चा झाली. एका गृहस्थांना त्याची पिशवी जड दिसली होती. दुसऱ्यांना ती जड दिसल्याचे नंतर आठवले.

समितीच्या बैठकीत वसाहतीतील एक तरुण वकील उपस्थित होता. त्याने सांगितले की नोकराने मालकाच्या वस्तूची चोरी केली, तर दंड संहितेच्या कलम ३८१ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. ऐकून बैठक गंभीर झाली. गरीब माणसाला तुरुंगात घालणे आपल्या धर्मात बसत नाही, असे अध्यक्ष म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. तेव्हा तक्रार न करता त्याला कामावरून कमी करावे, चालू महिन्याचा पगार नुकसानीपोटी ठेवून घ्यावा आणि प्रकरण मिटवावे, असे ठरले. सर्वांना हलके वाटले. तक्रार झाली असती तर चौकशी झाली असती, पंचनामा झाला असता, भंगाराच्या दुकानांत विचारपूस झाली असती. त्या माणसाला आपले म्हणणे कोणापुढे तरी मांडता आले असते. दयेने ही वाटही बंद केली. काकाजींनी व्हाउचर लिहिले : ‘हिशेब चुकता.’ खाली अंगठ्याशेजारी वाकडीतिकडी सही. आणि कमानीखालच्या सूचनाफलकावर कागद लागला की, कमानीवरील अक्षरे गहाळ झाल्याच्या कारणावरून रखवालदारास कामावरून दूर करण्यात आले आहे, तरी रहिवाशांनी त्याच्याशी कोणताही व्यवहार करू नये.

त्यानंतर रखवालदार ठेवण्याऐवजी कॅमेरे बसवावेत असे ठरले. कॅमेऱ्यांना देणगीदार लगेच मिळाला, कारण खांबावर त्याचे नाव लावता येत होते. पावसाळ्यात दोन कॅमेरे बंद पडले आणि त्यांच्या दुरुस्तीचे पत्र वर्षभर फिरत राहिले. मुलांनी दिवे फोडणे थांबविले नाही. एकदा चित्रीकरणात दगड मारणारे तिघे स्पष्ट दिसले. तिघेही वसाहतीतलेच होते, एक तर कार्यकारिणीतल्या घरातला. ते चित्रीकरण नंतर कोणाच्या भ्रमणध्वनीत राहिले नाही.

दुसऱ्या वर्षी आषाढात साध्वीजींच्या चातुर्मास प्रवेशापूर्वी वसाहतीच्या भवनाची साफसफाई निघाली. माळ्यावरच्या गाद्या खाली काढताना त्यांच्यामागे ज्यूटचे एक पोते निघाले. पोते जड होते. आत जुन्या धोतरात गुंडाळलेली चार पितळी अक्षरे होती आणि सचिवांच्या वळणदार अक्षरातला, शाळेच्या वहीतून फाडलेला एक कागद. त्यावर तारीख, रात्री ट्रकच्या धक्क्याने अक्षरे सैल झाली, पहाटे माणूस लावून उतरवून घेतली, डागडुजी व पॉलिश करून पुन्हा बसविणे. आणि खाली, बाजूला : ‘नाना गावी. सोमवारी परत.’

तो कागद काकाजींच्या हातात आला तेव्हा भवनात दहा-बारा माणसे होती. कोणी काही बोलले नाही. गाद्या उन्हात टाकण्याचे काम पुढे चालू झाले.

श्रावकाच्या प्रतिक्रमणात सत्यव्रताचे जे पाच अतिचार म्हटले जातात, त्यांत पहिला आहे सहसाभ्याख्यान : विचार न करता, एकाएकी कोणावर आरोप ठेवणे. पाचवा आहे कूटलेख, खोटा लेख करणे. अठरा पापस्थानांतही अभ्याख्यान तेरावे येते. वर्षानुवर्षे हे शब्द उच्चारले जातात आणि उच्चारणाऱ्याच्या मनात दुकान, भागीदार, सोयरे यांच्याशी झालेले खटके येतात. कमानीखालच्या पत्र्याच्या खोलीपर्यंत हे शब्द जातात असे वाटत नाही. काकाजींनी त्या संध्याकाळी व्हाउचरची फाइल काढली. ‘हिशेब चुकता’ हे शब्द त्यांच्याच हातचे होते. व्यापारात पन्नास वर्षे घालविलेल्या माणसाला कूटलेख म्हणजे काय, हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नसते.

समितीत दोन मते पडली. झाले ते अनवधानाने झाले, संवत्सरीला सामुदायिक ‘मिच्छामि दुक्कडम्’ होतेच, त्यात हेही आले, असे काहींचे म्हणणे. काकाजींचे म्हणणे एवढेच की, ज्याचे नाव घेऊन आरोप ठेवला त्याची क्षमा समुदायात मिसळून मागता येणार नाही. शोध सुरू झाला. तो माणूस धुळ्यात आहे, देवपुरात कोठे तरी रखवालीला आहे, असे त्याच्या गावाकडून कळले. पर्युषणाच्या आदल्या आठवड्यात काकाजी आणि तो तरुण वकील सकाळी मोटारीने निघाले. एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे. वाटेत दोन्ही बाजूंना कपाशी आणि मक्याची शेते, आणि प्रत्येक गावाच्या तोंडाशी एक स्वागत कमान. काही कोऱ्या करकरीत, काहींचा अर्धा गिलावा गेलेला. वकिलाने त्या मोजल्या असे तो नंतर सांगत असे. आकडा त्याच्या लक्षात राहिला नाही.

धुळे हे तसे कमानींचे शहर नव्हे. इंग्रजी अमलाच्या आरंभी, खान्देशाचा पहिला अधिकारी कॅप्टन ब्रिग्ज याने जुन्या गावाशेजारी नवे गाव आखले, व्यापाऱ्यांना व कारागिरांना येथे येऊन वसण्यास उत्तेजन दिले. सरळ रस्ते काढले आणि गल्ल्यांना आजही क्रमांक आहेत. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, पाचवी गल्ली. क्रमांकाच्या गल्लीला कमान कशाला लागते? कमानी आल्या त्या पुढे, पांझरेच्या पलीकडे देवपुरात आणि शहराच्या कडेला प्लॉट पडू लागल्यावर. त्यांपैकीच एका इमारतीच्या फाटकाशी, प्लास्टिकच्या खुर्चीवर तो बसलेला सापडला. दाढी वाढली होती. त्याने दोघांना ओळखले, उठून उभा राहिला, आणि खुर्ची पुढे केली.

काकाजी बसले नाहीत. त्यांनी सचिवांचा तो कागद त्याच्या हाती दिला. त्याला वाचायला वेळ लागला. शेवटची ओळ त्याने बोट ठेवून दोनदा वाचली, आणि म्हणाला, “गुरुजी लिखी ठेयेल व्हतं.” गुरुजींनी लिहून ठेवले होते. एवढेच.

रोखलेला पगार आणि त्यावरचे व्याज असे पाकीट काकाजींनी आणले होते. त्याने ते घेतले, नोटा मोजल्या आणि खिशात ठेवल्या. संकोच केला नाही, आभारही मानले नाहीत. व्याजाचा दर बचत खात्याचा नसून काकाजींच्या बाजारातला होता, हे त्याला कळण्याचे कारण नव्हते. पण तो तसा लावला होता, हे येथे नोंदवले पाहिजे. परत जळगावला येण्याविषयी विचारले तेव्हा त्याने मान हलविली. “कमान तं तुम्हनी शे, शेठ. पन नाव मनं खराब व्हयनं.” मग त्याने आपली मागणी सांगितली. जळगावहून गेल्यावर दोन ठिकाणी त्याला काम मिळता मिळता राहिले, कारण आधीच्या ठिकाणी कोणी तरी फोन करून विचारले होते. येथेही केव्हाही कोणी विचारील. तेव्हा त्याने चोरी केली नाही, असे लिहून द्यावे. छापील कागदावर, शिक्क्यासह. आणि ज्या फळीवर तो आधीचा कागद लागला होता, त्याच फळीवर हाही लागावा.

काकाजींनी तेथेच वाकून हात जोडले आणि क्षमा मागितली. फाटकातून आत जाणाऱ्या दोन बायका थांबून पाहू लागल्या. नानाच अवघडला.

परतल्यावर समितीची बैठक दीड तास चालली. पैसे दिले, माणूस समजूतदार निघाला, मग आता कागद कशाला, असा सूर होता. छापील कागदावर लिहून दिले तर उद्या तो अब्रुनुकसानीचा दावा लावील, अशी भीतीही कोणी बोलून दाखविली. वकिलाने सांगितले की भीती अगदीच निराधार नाही. अध्यक्षांनी विचार करण्यास वेळ मागितला. आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात गृहस्थाच्या गुणांची जी यादी दिली आहे, तीत घराविषयी मार्मिक सूचना आहेत : घर फार उघड्यावर नसावे, फार आडोशालाही नसावे, त्याला बाहेर पडण्याची दारे फार नसावीत आणि शेजार चांगला असावा. त्याच यादीत मिळकतीच्या मानाने खर्च करण्याचाही गुण आहे. आठशे वर्षांहून जुनी ही यादी आजच्या कोणत्याही वसाहतीच्या नियमावलीला पुरून उरेल. परंतु ‘चांगला शेजार’ या शब्दांत पत्र्याच्या खोलीत राहणारा शेजारी धरला जातो की नाही, हे ज्याने त्याने ठरवावयाचे असते. त्या बैठकीत ते ठरले नाही.

संवत्सरीच्या आदल्या दिवशी काकाजींनी समितीच्या कागदावर स्वतःच्या हाताने पत्र लिहिले, कोषाध्यक्ष म्हणून सही केली, शिक्का मारला. ठराव झाला नसल्याने हे आपण एकट्याच्या जबाबदारीवर लिहीत आहोत, असेही खाली नमूद केले. पत्रात रखवालदाराच्या नावामागे ‘श्री.’ होते, नऊ वर्षांत त्याचे नाव वसाहतीच्या कोणत्याही कागदावर तसे आले नव्हते. एक प्रत कुरियरने धुळ्याला गेली. दुसरी कमानीखालच्या फळीवर लागली.

लोकांनी ती वाचली. काहींनी काकाजींचा हात दाबला. एक-दोघे त्यांच्याशी आजही मोजकेच बोलतात. तिसऱ्या दिवशी रात्री कोणाच्या तरी वाढदिवसाचा फलक फळीवर चिकटविला गेला, तो नेमका त्या पत्रावर. यात हेतू असेल असे समजण्याचे कारण नाही. तेवढीच जागा मोकळी दिसली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानी जाण्यापूर्वी काकाजी पाण्याची बादली आणि पत्र्याची पट्टी घेऊन फळीपुढे उभे होते. फलक भिजवून सोलताना खालच्या पत्राचाही वरचा अर्धा भाग निघून आला. घरी जाऊन त्यांनी दुसरी प्रत लिहिली, काच बसविणाऱ्याला बोलावले आणि ती काचेमागे लावून घेतली. दुपारी त्यांनी एक नवी वही आणवली. पहिल्या पानावर वसाहतीच्या मालकीच्या वस्तूंची यादी सुरू केली : फाटकाच्या झडपा दोन, दिवे सहा, पितळी अक्षरे इतकी, पैकी चार भवनात, बसविणे बाकी. दुसऱ्या पानावर ‘कमान – निगा’ असे सदर घातले आणि त्याखाली काचेचे बिल चढविले.